तग धरण्याचे धडे : हैदराबादचे मैदान आणि सत्या नाडेलांची पुस्तके

पणजी येथे २०१९ मध्ये भारतातील पहिली ‘आयर्नमॅन ७०.३’ स्पर्धा झाली. मिरामारच्या समुद्रात १.९ किलोमीटर पोहणे, त्यानंतर ९० किलोमीटर सायकल आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावणे, असे तिचे स्वरूप. अशा स्पर्धांकडे उद्योजक आणि व्यवस्थापक ओढले जातात, यात नवल नाही. दम टिकवणे, अपयश पचवणे आणि पुन्हा उभे राहणे ही त्यांची रोजचीच कसोटी असते. शरीराच्या सरावासाठी वेळापत्रक मिळते. मनाच्या सरावासाठी मात्र बहुतेक जण पुस्तकांकडे वळतात. प्रश्न असा, की पुस्तकाने माणूस खरोखर कणखर होतो का?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना हैदराबादचे एक उदाहरण उपयोगी पडते. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी कंपनी स्थापन केलेली नाही; त्या अर्थाने ते उद्योजक नव्हेत. परंतु कोणती पुस्तके आपण वाचली, सहकाऱ्यांना कोणती वाचायला लावली आणि का, हे त्यांनी इतके उघडपणे सांगितले आहे, की वाचन आणि नेतृत्व यांचे नाते त्यातून तपासता येते.

बेगमपेठचे मैदान

नाडेला यांचा जन्म १९६७ मध्ये हैदराबाद येथे झाला. वडील बी. एन. युगंधर हे भारतीय प्रशासकीय सेवेतील अधिकारी, तर आई संस्कृतच्या अध्यापिका. बेगमपेठच्या हैदराबाद पब्लिक स्कूलमध्ये ते शिकले आणि शाळेच्या संघातून क्रिकेट खेळले. ‘हिट रिफ्रेश’ या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी या मैदानावरचे काही प्रसंग नोंदवले आहेत.

एका सामन्यात त्यांची फिरकी गोलंदाजी अगदीच सामान्य पडत होती. कर्णधाराने चेंडू स्वतःकडे घेतला, जमलेली जोडी फोडली आणि चेंडू पुन्हा नाडेलांच्याच हाती दिला. त्यानंतर त्यांनाही बळी मिळाले. कर्णधाराने असे का केले, हे नाडेलांनी नंतर विचारले. उत्तर साधे होते : पुढचा सारा हंगाम बाकी होता आणि या गोलंदाजाचा आत्मविश्वास मोडणे संघाला परवडणारे नव्हते. दुसरा प्रसंग याच्या उलट आहे. गोलंदाजीवरून काढल्याचा राग धरून एका गुणी वेगवान गोलंदाजाने सोपा झेल सोडून दिला. गुणवत्ता होती, पण संघासाठी नव्हती.

नाडेलांना पाच दिवसांचे कसोटी क्रिकेट प्रिय आहे. त्यातील अनेक उपकथानकांमुळे त्यांनी त्याची तुलना रशियन कादंबरीशी केली आहे. तग धरण्याची त्यांची कल्पना येथूनच घडली असावी : एका षटकावरून निकाल लावायचा नाही.

तीन पुस्तके

४ फेब्रुवारी २०१४ रोजी त्यांनी मायक्रोसॉफ्टची सूत्रे हाती घेतली, तेव्हा कंपनीतील विभागांचे आपापसांतील हेवेदावे सर्वश्रुत होते. सहकाऱ्यांना एकमेकांच्या तुलनेत क्रमवारी लावणारी मूल्यमापन पद्धत काही महिन्यांपूर्वीच बंद झाली होती. अशा वेळी वरिष्ठ अधिकाऱ्यांना त्यांनी मार्शल रोझेनबर्ग यांचे ‘नॉनव्हायोलंट कम्युनिकेशन’ हे पुस्तक वाचायला सांगितले. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ असलेल्या रोझेनबर्ग यांनी ‘अहिंसा’ हा शब्द गांधीजींच्या अर्थाने घेतला. त्यांची पद्धत चार पायऱ्यांची आहे : जे घडले ते दोषारोप न करता सांगणे, त्याने काय वाटले ते सांगणे, त्यामागची गरज ओळखणे आणि मग स्पष्ट विनंती करणे. ‘तू नेहमी उशीर करतोस’ याऐवजी ‘या आठवड्यात दोन वेळा माल उशिरा आला, त्यामुळे मला काळजी वाटते, मला वेळेची खात्री हवी आहे, उद्यापासून आदल्या दिवशी कळवशील का?’ असे म्हणणे, हा त्याचा व्यवहारातील अर्थ.

दुसरे पुस्तक कॅरोल ड्वेक यांचे ‘माइंडसेट’ (२००६). ते नाडेलांच्या हाती पत्नी अनु यांच्यामुळे आले. क्षमता जन्मजात ठरलेली असते असे मानणारा अपयशाला निकाल समजतो. ती वाढवता येते असे मानणारा त्याला धडा समजतो, हे ड्वेक यांचे सूत्र. ‘सारे काही ठाऊक असलेली’ कंपनी ‘सारे काही शिकणारी’ व्हावी, असा त्याचा अनुवाद नाडेलांनी मायक्रोसॉफ्टसाठी केला.

तिसरे, डॅनियल जेम्स ब्राउन यांचे ‘द बॉइज इन द बोट’ (२०१३). महामंदीच्या काळात हलाखीत वाढलेल्या तरुणांचा वॉशिंग्टन विद्यापीठाचा नौकानयन संघ १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदकापर्यंत कसा पोहोचला, याची ही सत्यकथा आहे. आठ वल्ही एका लयीत पडली नाहीत, तर सर्वांत ताकदवान वल्हेकरीही नाव मंदावतो. संघभावनेचे उदाहरण म्हणून नाडेलांनी या पुस्तकाची शिफारस केली आहे.

पुस्तकाची मर्यादा

या तिन्ही पुस्तकांत दात-ओठ खाऊन एकट्याने सोसण्याचे गुणगान नाही. नाडेलांच्या आयुष्यातही हा धडा पुस्तकाआधी आला होता. १९९६ मध्ये जन्मलेला त्यांचा मुलगा झेन याला सेरेब्रल पाल्सी होती. सुरुवातीला ‘हे आपल्याच वाट्याला का’ या प्रश्नात आपण अडकलो होतो; अनु मात्र मुलाच्या उपचारांसाठी धावत होत्या आणि त्यांच्याकडे पाहून आपण बदललो, असे त्यांनी लिहिले आहे. झेन यांचे २०२२ मध्ये निधन झाले.

पुस्तके चुकांपासून वाचवत नाहीत, हेही खरे. ऑक्टोबर २०१४ मध्ये महिलांच्या एका परिषदेत, पगारवाढ मागण्याऐवजी व्यवस्थेवर विश्वास ठेवावा, अशा आशयाचे उत्तर नाडेलांनी दिले. टीका झाली आणि त्याच दिवशी आपले उत्तर पूर्णतः चुकल्याचे त्यांनी कर्मचाऱ्यांना कळवले. कठोर निर्णयही टळत नाहीत. जुलै २०१४ मध्ये कंपनीने सुमारे १८ हजार नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. सहानुभूतीची पुस्तके वाचणारी कंपनी ती शेवटच्या कर्मचाऱ्यापर्यंत पोहोचवते का, हा प्रश्न त्यामुळे रास्त ठरतो.

संशोधनही सावध करते. ड्वेक यांच्या विचारावर आधारलेला एक तासाहून कमी वेळाचा पाठ अमेरिकेतील सुमारे १२ हजार नववीच्या विद्यार्थ्यांना देण्यात आला. २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, अभ्यासात मागे असलेल्या विद्यार्थ्यांच्या सरासरी गुणांकात सुमारे ०.१ अंकाची वाढ झाली. लाभ खरा, पण लहान. शिवाय जेथे सोबत्यांमध्ये कठीण आव्हान स्वीकारण्याला मान होता, तेथे तो अधिक दिसला. विचाराला पोषक भोवताल लागतो, असा याचा अर्थ.

वाचावे कसे?

गोव्यात दुकान, हॉटेल, कारखाना किंवा बचत गट चालवणाऱ्यांसाठी यातून व्यवहार्य गोष्टी निघतात. दहा पुस्तके एकट्याने संपवण्यापेक्षा एकच पुस्तक सहकाऱ्यांसोबत वाचावे. त्यातील एकच सवय निवडून महिनाभर पाळावी. उदाहरणार्थ, चूक दाखवताना आधी फक्त घडलेले सांगायचे, दोष नंतरही नाही. आणि ही सवय मालकाने सर्वांत आधी स्वतःला लावावी, कारण कामगार पुस्तक वाचत नाहीत, मालकाचे वागणे वाचतात.

कणखरपणा हा एकट्याच्या मनाचा गुण मानला जातो. हैदराबादच्या त्या शालेय सामन्यात मात्र तो दोघांत विभागलेला होता : धावा गेल्यावरही पुन्हा गोलंदाजीला उभा राहणारा एक, आणि त्याच्या हाती चेंडू परत देणारा दुसरा.