वेदनेची वाट अडवणारे औषध

आळंदीहून चाकणला कामाला जाणाऱ्याचे बोट यंत्रात चेचले, तर चेतातंतूंतून विद्युत्-संदेश मज्जारज्जूत व तेथून मेंदूत पोहोचतो. मग वेदना जाणवते. अशा वेळी डॉक्टर कधी कधी ट्रॅमाडॉल देतात. त्याने जखम भरत नाही! अफूतील मॉर्फीनप्रमाणे ते चेतापेशींवरील 'ग्राहीं'मध्ये कुलपातील किल्लीसारखे बसते व संदेश अडवते. अफूच्या किल्लीला आपल्या शरीरात कुलूप कशाला? शरीर स्वतःच तशी द्रव्ये बनवते, हे १९७५ साली उमगले. मला याचेच अधिक नवल वाटते. पण हेच ग्राही आतड्यातही असतात, म्हणून बद्धकोष्ठ होते. श्वसनकेंद्रातही असतात, म्हणून जादा मात्रेने श्वास मंदावतो, प्रसंगी थांबतो. दारूबरोबर धोका आणखी वाढतो. रोज घेतल्यास तेवढी मात्रा पुरेनाशी होते, व्यसन जडू शकते. म्हणून २०१८ साली ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले गेले.