वाऱ्याने जुळवलेला ओक

संकर म्हटला की प्रयोगशाळा किंवा कृषी विद्यापीठ डोळ्यांसमोर येते. पण रानात वाराही हे काम करतो. 'शूटे ओक' हा असाच एक संकर.

अमेरिकेच्या ईशान्य व मध्य-पश्चिम भागांत ओकच्या दोन जाती जवळजवळ आढळतात. 'स्वॅम्प व्हाइट ओक' पाणथळ जागेतला, तर 'बर ओक' कोरड्या गवताळ प्रदेशातही वाढणारा. ओकचे परागण वाऱ्यामार्फत होते. दोन्ही जाती जवळच्या नात्यातल्या असल्याने एकीचे पराग दुसरीच्या फुलावर पडले, तरी बी धरू शकते.

या संकराचा उपयोग शहरात होतो. रस्त्याकडेच्या मातीत चुना-सिमेंटचा राडारोडा मिसळला, की ती अल्कधर्मी होते. अशा मातीत स्वॅम्प व्हाइट ओकला पुरेसे लोह घेता येत नाही आणि पाने पिवळी पडतात. बर ओकला चुना चालतो. संकरात ओल आणि चुना हे दोन्ही सोसण्याचा गुण येऊ शकतो.

मग त्याच्याच बिया सगळीकडे पेराव्यात का? हापूसची कोय लावली, तर हापूसच येईल असे नाही. तसेच इथेही पुढच्या पिढीत गुण विखुरतात. कलमे केली तर झाडे एकसारखी मिळतील, पण मग एकच रोग सर्वांना गाठू शकेल. १९३० नंतर अमेरिकेत डच एल्म रोगाने रस्तेच्या रस्ते उजाड केले, कारण तिथे ओळीने एल्मच लावलेले होते.

तुमच्या शाळेसमोरच्या रस्त्यावर किती जातींची झाडे आहेत? विद्यार्थ्यांना मोजायला सांगा.