रानपाखराची शिकार : कायदा काय म्हणतो, केस झाली तर काय करायचं?



सुगीचे दिवस आले की शिवारात तितर, लाव, होले उतरतात. मग कुणी गलोल घेऊन निघतं, कुणी बांधाला फासे लावतं. "रानातलं पाखरू, त्याला मालक कोण?" असं आपण सहज म्हणतो. पण कायद्यानं त्याला मालक आहे, तो म्हणजे सरकार. आणि केस झाली की एका माणसाबरोबर अख्खं घर भरडलं जातं. जामीन, वकील, तारखा यांचा खर्च बऱ्याचदा आपल्याच बचत गटाच्या कर्जातून निघतो. म्हणून आज हा विषय घेतला.

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा आहे. त्यात 2022 साली दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. या कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. फासा लावणं, जाळं टाकणं, विषारी दाणे पसरणं, जिवंत धरणं, हे सगळं शिकारीतच येतं. नुसता प्रयत्न केला तरी शिकारच. गलोलीचा नेम चुकला म्हणून सुटका नाही. रानपाखराचं घरटं विस्कटणं, अंडी फोडणं हाही गुन्हा. मुलं खेळता खेळता हे करतात, त्यांना आपणच सांगायला हवं.

मोर, माळढोक, गिधाडं हे पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला कमीत कमी 3 वर्षं आणि जास्तीत जास्त 7 वर्षं कैद, शिवाय निदान 25 हजार रुपये दंड. तितर, लाव, पोपट असे बरेच पक्षी दुसऱ्या अनुसूचीत आहेत. तिथं 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पिंजऱ्यातला हिरवा पोपट कितीही लाडाचा असला तरी तो ठेवणं गुन्हाच आहे. मोराची आपोआप गळलेली पिसं घरात असली तर मात्र घाबरू नका, त्याला कायद्यात सूट आहे.

आता दोन प्रश्न नेहमी येतात. पहिला, "पाखरं पीक खातात, मग काय करायचं?" हाकारा घाला, डबे वाजवा, चमकीच्या फिती बांधा. विष मात्र घालू नका. विषारी दाण्यानं मोर मेला तर थेट पहिल्या अनुसूचीचा गुन्हा लागतो. दुसरा प्रश्न आदिवासी भगिनींचा, "आम्हाला वनहक्क मिळाला, मग शिकार चालेल ना?" नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यानं परंपरेचे बरेच हक्क दिले, पण शिकारीचा हक्क त्यातून स्पष्ट वगळला आहे.

बायकांनी सगळ्यात जास्त लक्ष द्यावं अशी गोष्ट ताब्याची. रानपाखरू किंवा त्याचं मटण तुमच्या ताब्यात होतं हे सिद्ध झालं, की ते बेकायदा नाही हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते. "त्यांनी आणलं, मी फक्त शिजवलं" एवढ्यावर भागत नाही. म्हणून असलं पाखरू घरात घेऊच नका, तुम्हाला नाही म्हणायचा हक्क आहे. शेतात मेलेलं किंवा जखमी पाखरू सापडलं, तर लगेच वनरक्षकाला किंवा वन विभागाच्या 1926 या नंबरवर कळवा. असं काही हाती आलं तर 48 तासांच्या आत कळवणं कायद्यानंच बंधनकारक आहे. वेळेत दिलेली खबर हाच पुढं तुमचा आधार ठरतो.

तरीही केस झालीच तर? पळू नका, कुणाला अडवू नका, काही लपवू नका. अटकेचं कारण विचारा. 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करणं बंधनकारक आहे, आणि वकिलाला भेटायचा हक्क पहिल्या क्षणापासून आहे. पंचनामा आणि जबाब वाचून घेतल्याशिवाय सही-अंगठा करू नका. वन अधिकारी म्हणजे पोलीस नव्हेत; त्यांच्यापुढं दिलेला कबुलीजबाब कोर्टात तुमच्याविरुद्ध वापरला जाऊ शकतो.

वकिलाला खरं ते सगळं सांगा. माल नेमका कुठं सापडला, ती जागा कुणाच्या ताब्यात होती, पंच कोण होते, मटणाचा नमुना तपासणीला गेला का, ते रानपाखराचंच निघालं का, बचाव या मुद्द्यांवर उभा राहतो. गावठी कोंबडीचं मटण असेल तर विकणाऱ्याची साक्ष कामी येते. "कायदा माहीत नव्हता" हा बचाव होत नाही.

काही लहान गुन्ह्यांत वन विभागाचा अधिकारी तडजोड रक्कम घेऊन प्रकरण मिटवू शकतो. पहिल्या अनुसूचीच्या गुन्ह्यात ही सोय नाही. "मी मिटवून देतो" म्हणत कुणी पावतीशिवाय पैसे मागितले, तर देऊ नका. ती लाच होते आणि केस तशीच राहते.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. 1987 च्या विधी सेवा कायद्यानं स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि कोठडीत असलेल्या कुणालाही मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथं अर्ज करा, किंवा 15100 वर फोन लावा.

पुढच्या मासिक बैठकीत हा विषय घ्या. 1926 आणि 15100 हे दोन नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आणि आपल्या घरातल्या गलोली, फासे, जाळी यांचं काय करायचं, ते घरच्या माणसांशी बोलून ठरवा.