विश्लेषण : ‘गेन्शिन इम्पॅक्ट’मध्ये नवख्या खेळाडूचा वेळ आणि पैसा कुठे जातो?

‘गेन्शिन इम्पॅक्ट’ हा ऑनलाइन काल्पनिक-साहसी खेळ डाउनलोड करण्यासाठी एक रुपयाही लागत नाही. मुख्य कथा, अफाट नकाशा, सुरुवातीची पात्रे सारे फुकट असते. तरीही याच खेळाच्या कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत दोन कोटी डॉलर भरून सरकारी कारवाईत तडजोड केली. खेळातील लढाई शिकायला दोन-चार दिवस पुरतात. नवखे अडकतात ते त्यामागच्या व्यवस्थांत. या व्यवस्था कशा चालतात, कोणत्या ठिकाणी कौशल्य कामाला येते आणि कोणत्या ठिकाणी निव्वळ नशीब, याचा हा आढावा.

खेळ नेमका काय आहे?

शांघायच्या ‘मिहोयो’ कंपनीने तयार केलेला हा खेळ २८ सप्टेंबर २०२० रोजी जगभर उपलब्ध झाला. चीनबाहेर तो ‘होयोवर्स’ या नावाने चालवला जातो. संगणक, मोबाइल आणि प्लेस्टेशनवर तो खेळता येतो. ‘तेवात’ नावाच्या काल्पनिक जगात हरवलेल्या भावंडाचा शोध घेणारा प्रवासी हा कथेचा नायक किंवा नायिका. या जगात सात राष्ट्रे आणि सात मूलतत्त्वे आहेत. खेळाडू चार पात्रांची तुकडी घेऊन फिरतो. एका वेळी एकच पात्र मैदानात असते आणि लढता लढता पात्र बदलता येते.

खेळाची भाषा इंग्रजी, जपानी, चिनी वगैरे निवडता येते. हिंदी किंवा मराठीचा पर्याय नाही. त्यामुळे अनेक जण सुरुवातीच्या सूचना न वाचताच पुढे जातात आणि नेमक्या त्या सूचनांतच पुढच्या व्यवस्थांचे नियम दिलेले असतात.

पहिला निर्णय सर्व्हरचा असतो. अमेरिका, युरोप, आशिया असे पर्याय मिळतात. एका सर्व्हरवरची प्रगती दुसऱ्यावर नेता येत नाही. मित्रांसोबत खेळायचे असेल तर सर्वांनी एकच सर्व्हर निवडणे आवश्यक. एकत्र खेळण्याची सोयही पहिल्या दिवसापासून नसते, ती अॅडव्हेंचर रँक १६ नंतर खुली होते. सर्व्हरच्या वेळेनुसार पहाटे चार वाजता नवा दिवस सुरू होतो. आशिया सर्व्हरवर ही वेळ म्हणजे भारतात रात्रीचा दीड.

मूलतत्त्वांची अभिक्रिया म्हणजे काय?

अग्नी, जल, वीज, हिम, वारा, खडक आणि वनस्पती ही सात तत्त्वे. प्रत्येक पात्राकडे यापैकी एक तत्त्व असते. ते वापरून हल्ला केला की तत्त्व काही काळ शत्रूला चिकटून राहते. त्यावर दुसऱ्या तत्त्वाचा हल्ला झाला की अभिक्रिया घडते. ओल्या शत्रूवर हिम पडले तर तो गोठतो. अग्नी आणि वीज एकत्र आले तर स्फोट होतो. वारा आधीचे तत्त्व आजूबाजूच्या शत्रूंत पसरवतो.

यात क्रम महत्त्वाचा आहे. हिम चिकटलेल्या शत्रूवर अग्नीचा हल्ला केला तर त्या हल्ल्याचे नुकसान दुप्पट होते. उलट, अग्नी चिकटलेल्या शत्रूवर हिम टाकले तर ते दीडपटच होते. पाणी आणि अग्नीच्या जोडीत हेच गणित फिरते. आगीवर पाणी टाकल्यास दुप्पट, पाण्यावर आग टाकल्यास दीडपट. कथेत फुकट मिळणारा हिमयोद्धा काया आणि अग्निबाण सोडणारी अँबर एवढ्या दोघांवरही हा हिशेब पडताळून पाहता येतो.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे एकाच तत्त्वाची आवडती पात्रे गोळा करणे. अग्नीच्या शत्रूवर अग्नीचा परिणाम होत नाही. अशा वेळी चारही पात्रे अग्नीची असतील तर लढाई तिथेच थांबते. त्यामुळे तुकडी बांधताना वेगवेगळी तत्त्वे, एक मुख्य लढवय्या आणि जखमा भरणारे एक पात्र, एवढे पाहिले तरी सुरुवातीला पुरते. या विभागात पैशापेक्षा समज उपयोगी पडते.

रँक वाढली की खेळ अवघड का होतो?

बहुतेक खेळांत पातळी वाढली की खेळाडू बलवान होतो. इथे दोन वेगळे आकडे आहेत. अॅडव्हेंचर रँक खेळाडूच्या खात्याची असते. मोहिमा, खजिन्याच्या पेट्या, रोजची कामे यातून ती ६० पर्यंत वाढते. पात्रांची पातळी वेगळी असते. ती वाढवता येते, पण त्यासाठी पुस्तके, नाणी आणि साहित्य खर्च करावे लागते.

रँक २० पासून ‘वर्ल्ड लेव्हल’ म्हणजे जगाची पातळी वाढू लागते. ती वाढली की सगळीकडचे शत्रू अधिक बलवान होतात आणि मिळणारे साहित्यही चांगल्या दर्जाचे होते. धडाधड मोहिमा संपवून रँक वाढवली आणि पात्रे मागेच राहिली, तर काल सहज हरणारे शत्रू आज भारी पडतात. ‘गेम बिघडला’ अशी तक्रार अनेकदा इथूनच सुरू होते.

यावर खेळातच एक ब्रेक आहे. रँक २५, ३५, ४५ आणि ५० या टप्प्यांवर एक परीक्षा द्यावी लागते. ती दिल्याशिवाय रँक पुढे सरकत नाही. ही परीक्षा लगेच द्यायचे बंधन नसते. त्यामुळे आधी तुकडी सक्षम करून मगच ती देणे शहाणपणाचे. आठ-दहा पात्रांवर साहित्य वाटत बसण्यापेक्षा चारच पात्रे निवडून त्यांच्यावर खर्च केला, तर हा टप्पा सुकर होतो.

‘रेझिन’ हे घड्याळ कसे चालते?

खेळाडू कितीही वेळ भटकू शकतो, पण पात्रे मजबूत करणारे बहुतांश महत्त्वाचे साहित्य घेण्यासाठी ‘रेझिन’ खर्च करावे लागते. दर आठ मिनिटांनी एक रेझिन तयार होते आणि साठा २०० वर थांबतो. म्हणजे रिकामी टाकी भरायला २६ तास ४० मिनिटे लागतात. खेळ आला तेव्हा ही मर्यादा १२० होती. पुढे ती १६० आणि २०२४ मध्ये २०० झाली. साहित्य देणाऱ्या गुहेची एक फेरी २० रेझिनची, तर खुल्या मैदानातील मोठ्या शत्रूचे बक्षीस ४० रेझिनचे असते.

टाकी भरून वाया जाऊ नये म्हणून दिवसातून एकदा तरी खेळ उघडावा, अशी ओढ या रचनेतूनच तयार होते. हे समजले की दोन गोष्टी सोप्या होतात. एक, दिवसातली २०-२५ मिनिटे रेझिन आणि रोजची कामे यांना पुरतात. तासन् तास बसून पात्रे फार वेगाने वाढत नाहीत. दोन, एखादा दिवस चुकला तर नुकसान फार मोठे नसते. परीक्षेच्या दिवसांत मुलाने खेळ बंद ठेवला म्हणून खाते मागे पडून निकामी होत नाही.

रेझिन कशावर खर्चायचे, यालाही क्रम आहे. पात्राची पातळी, शस्त्राची पातळी आणि कौशल्ये यांवरील खर्चाचा परिणाम नक्की असतो. ‘आर्टिफॅक्ट’ म्हणजे पात्राला घालायच्या पाच वस्तूंचे तसे नाही. त्यांचे गुण यादृच्छिक पडतात. हवी ती वस्तू मिळाली तरी ती वाढवताना भलताच गुण वाढू शकतो. रँक ४५ नंतर योग्य गुहेत सर्वोच्च दर्जाची किमान एक वस्तू मिळण्याची हमी असते. त्याआधी आर्टिफॅक्टसाठी रेझिन जाळणे म्हणजे थोड्याच दिवसांत बदलाव्या लागणाऱ्या वस्तूंवर खर्च करणे. तोवर पेट्यांतून आणि शत्रूंकडून मिळालेल्या वस्तू पुरतात.

‘विश’ची सोडत कशी असते?

नवी पात्रे मुख्यतः ‘विश’ नावाच्या सोडतीतून मिळतात. एका विशची किंमत १६० ‘प्रिमोजेम’. पात्रांच्या सोडतीत एका विशला पंचतारांकित पात्र मिळण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के आहे. जास्तीत जास्त ९० विशमध्ये एक पंचतारांकित मिळण्याची हमी असते. खेळाडूंनी ठेवलेल्या नोंदींनुसार साधारण ७४ व्या विशपासून शक्यता झपाट्याने वाढते. मूळ दराने हिशेब केला तर पहिल्या ७० विशमध्ये हाती काहीच न लागण्याची शक्यता सुमारे ६६ टक्के येते. म्हणजे तीनपैकी दोन खेळाडूंना इतके खर्चूनही पंचतारांकित पात्र मिळत नाही.

मिळालेले पात्र जाहिरातीतलेच असेल, असेही नाही. ते येण्याची शक्यता साधारण निम्मी. ऑगस्ट २०२४ पासून ती किंचित वाढली आहे. दुसरेच पात्र आले, तर पुढचे पंचतारांकित मात्र नक्की जाहिरातीतले असते. शून्यापासून सुरुवात केली तर सर्वांत वाईट स्थितीत १८० विश, म्हणजे २८,८०० प्रिमोजेम लागतात. रोजच्या कामांतून दिवसाला ६० प्रिमोजेम मिळतात. फक्त त्यावर अवलंबून राहिले तर हा आकडा गाठायला ४८० दिवस, म्हणजे सुमारे १६ महिने लागतील. कथा, नकाशातील पेट्या आणि उपक्रमांतूनही प्रिमोजेम मिळतात, त्यामुळे प्रत्यक्षात इतका काळ लागत नाही. पण ठरावीक पात्राची सोडत साधारण तीनच आठवडे चालते. घाई होते ती यामुळे.

दिलासा देणारी बाब म्हणजे मोजलेल्या विश वाया जात नाहीत. पात्रांच्या एका सोडतीत ५० विश झाल्या असतील, तर पुढच्या तशाच सोडतीत मोजणी ५१ पासून सुरू होते. बहुतेक पात्रे काही काळाने परतही येतात. म्हणून साठवत राहणे आणि एखाद्याच पात्रासाठी खर्च करणे हा पैसे न घालता खेळणाऱ्यांचा मार्ग असतो. सोडतीत न उतरताही चांगली पात्रे मिळतात. ‘स्पायरल अॅबिस’च्या तिसऱ्या मजल्यावर मिळणारी अग्नीची शांगलिंग अनुभवी खेळाडूही वापरतात. शस्त्रांची सोडत मात्र नवख्यांनी टाळलेली बरी.

अमेरिकेतील कारवाई कशासाठी होती?

पैसा थेट विशवर लागत नाही. आधी पैशांचे ‘जेनेसिस क्रिस्टल’, त्यांचे प्रिमोजेम, त्यांची विशची तिकिटे आणि मग सोडत. प्रत्येक पायरीवर आकडा बदलतो आणि एका पात्राची खरी किंमत नजरेआड होते. अमेरिकेच्या ‘फेडरल ट्रेड कमिशन’चा हाच एक आक्षेप होता. बक्षिसाची शक्यता आणि खरा खर्च याबाबत मुलांची दिशाभूल झाली, तसेच १३ वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना गोळा केली, असे आरोप आयोगाने ठेवले. कंपनीने अनेक आरोप अमान्य केले, पण तडजोड स्वीकारली. त्यानुसार अमेरिकेत १६ वर्षांखालील मुलांना पालकांच्या संमतीविना अशा सोडती विकण्यास मनाई झाली आणि शक्यता व चलनाचे दर स्पष्ट सांगणे बंधनकारक झाले.

भारतात २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर बंदी आणली. ‘गेन्शिन’मध्ये जिंकलेले पात्र पैशांत परत मिळत नाही. गेलेला पैसा हा खर्चच असतो.

पालक आणि नवख्यांनी काय करावे?

मोबाइलच्या प्ले स्टोअर किंवा अॅप स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीआधी पासवर्ड मागण्याची सोय आहे. मुलाच्या हाती फोन देण्यापूर्वी ती सुरू करावी. घरचे कार्ड किंवा यूपीआय खाते स्टोअरला कायमचे जोडून ठेवू नये. मुलाने पैसे मागितलेच, तर ‘किती हवेत’ याआधी ‘किती विश झाल्या आणि हमीला किती उरल्या’ हे विचारावे. सोडतीचा इतिहास खेळातच पाहता येतो. उत्तर देताना मुलालाच हिशेब मांडावा लागतो. तो मांडून झाल्यावर बऱ्याचदा पात्राचे परत येणे थांबून पाहण्याची तयारी होते.