साथीचा रोग आणि लोकांची अन्नरुचि

साथीचा रोग जसा मनुष्याच्या शरीरावर आघात करतो, तसाच तो त्याच्या ताटावरहि करतो. रोगाचें खरें कारण नीट उमगण्यापूर्वींच लोक कांहीं अन्न वर्ज्य करतात आणि कांहीं अन्नास औषधाचा मान देतात. या भीतीची झळ किती दूर पोहोंचते, हें सिल्लोड तालुक्याच्या उदाहरणावरून चांगलें ध्यानांत येतें.

इ. स. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें कोंबडीचें मांस खाल्ल्यानें कोरोना होतो, अशी आवई देशभर उठली. तिला शास्त्राचा आधार नव्हता. हा रोग मुख्यतः रोग्याच्या श्वासावाटें पसरतो, शिजविलेल्या मांसानें नव्हे. तथापि गिऱ्हाइकांनीं पाठ फिरविली, कोंबड्यांचे भाव कोसळले, आणि कित्येक व्यावसायिकांनीं पक्षी फुकट वाटून टाकले.

सिल्लोड तालुक्यांत मक्याचें पीक मोठें, आणि कोंबड्यांच्या खाद्यांत सर्वांत मोठा वांटा मक्याचाच असतो. कोंबडी विकेना म्हणून खाद्य खपेना. खाद्य खपेना म्हणून मक्याला मागणी राहीना. त्या हंगामासाठीं मक्याचा हमीभाव क्विंटलला १,७६० रुपये होता. परंतु देशांतील अनेक बाजारांत मका त्याहूनहि स्वस्त विकला गेला. ज्या शेतकऱ्यानें जन्मांत कोंबडी पाळली नाहीं, त्याच्या खळ्यावरहि ही आवई अशी जाऊन थडकली.

दुसरीकडे याच्या उलट प्रकार घडला. मार्चअखेर आयुष मंत्रालयानें तुळस, दालचिनी, मिरें, सुंठ व मनुका यांचा काढा आणि हळद घातलेलें दूध घेण्याची सूचना केली. घरोघर काढा उकळूं लागला. आलें, हळद आणि लिंबू यांना मागणी वाढली. हे जिन्नस आपल्या स्वयंपाकांत पूर्वापार आहेत व बेतानें घेतल्यास त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु त्यांच्यामुळें कोरोना टळतो किंवा बरा होतो, असें सिद्ध झालेलें नाहीं.

आवडनिवडीचा हा प्रश्न ज्याच्या घरीं अन्न आहे त्याचा होय. इ. स. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथींत पाऊसहि दगा देऊन गेला. धान्य महागलें, आणि अर्धपोटीं राहिलेलीं माणसें रोगाला सहज बळी पडलीं. इ. स. २०२० मध्यें २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली, तेव्हां धान्याचा तुटवडा नव्हता. पण रोजंदारीवाल्याचा रोजगार बुडाला. म्हणून राज्य सरकारनें पोळ्या, भाजी, वरण आणि भात असलेल्या शिवभोजन थाळीची किंमत दहा रुपयांवरून पांच रुपये केली. त्या थाळींत औषधी गुणाचा दावा नव्हता. पोट भरण्याची सोय मात्र होती.

साथीच्या दिवसांत शरीराची मागणी बदलत नाहीं. त्याला धान्य, डाळ, भाजी, दूध-अंडें हेंच नेहमींचें अन्न पोटभर लागतें. बदलतें तें मन. म्हणून एखादा पदार्थ ताटांतून काढण्यापूर्वीं ऐकलेली गोष्ट खरी कीं खोटी, याची जाणत्या वैद्य-डॉक्टरांकडे चौकशी करावी. त्या एका घासामागें कोणाच्या तरी वर्षाची कमाई असते.