ड्राय : एका शब्दाचे दोन काठ

लाखांदूरहून वडसा फार लांब नाही. मध्ये जिल्ह्याची सीमा आडवी येते, एवढेच. अलीकडची बाजू भंडारा जिल्ह्याची, पलीकडची गडचिरोलीची. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. त्यामुळे आमच्याकडे ‘ड्राय’ म्हटले की दारू न मिळणारा जिल्हा किंवा दिवस, एवढाच अर्थ निघतो.

जर्मनीत नोकरी करणाऱ्या पुतण्याने पांढऱ्या वाइनची बाटली आणली आणि म्हणाला, “काका, ही ड्राय रीसलिंग.” वडशाची माझी थोरली बहीण बसली होती. तिने लगेच विचारले, “मग यात दारू नाही ना रे?” नवऱ्याच्या दारूपायी तिचा अर्धा संसार गेला आहे. पुतण्या हसला, मला हसता आले नाही. मी उत्तर शोधू लागलो.

बाटलीवर ‘ट्रोकन’ असे लिहिले होते. या जर्मन शब्दाचा अर्थ कोरडी. पण हा कोरडेपणा साखरेचा. द्राक्षरसातली साखर यीस्ट खाते आणि तिचे मद्यार्क होते. साखर जितकी कमी उरेल तितकी वाइन कोरडी. ‘ट्रोकन’ म्हणवण्यासाठी लिटरमागे ४ ग्रॅमपर्यंत साखर चालते. आंबटपणा पुरेसा असेल तर ९ ग्रॅमपर्यंत. मद्यार्क मात्र साधारण ११ ते १३ टक्के असतेच. आपल्याला हे मोहावरून चटकन कळावे. मोहफूल गोड, पण ते आंबवून गाळलेली दारू गोड नसते.

रीसलिंग हे द्राक्षाच्या वाणाचे नाव. रुसेल्सहाइम गावच्या १४३५ सालच्या हिशेबात या वेलींच्या खरेदीची नोंद आहे. मोझेल आणि ऱ्हाइन नद्यांच्या थंड खोऱ्यांत हे द्राक्ष सावकाश पिकते आणि आपला आंबटपणा टिकवून धरते. ही वाइन कशाबरोबर जमते, याची किल्ली या आंबटपणातच आहे.

तळलेल्या मासोळीवर आपण लिंबू पिळतो, कारण आंबट चवीने तेलकटपणा कापला जातो. कोरडी रीसलिंग तेच काम करते. म्हणून जर्मन लोक ती नदीतल्या ट्राउट माशाबरोबर, डुकराच्या मांसाबरोबर आणि वसंतातल्या पांढऱ्या शतावरीच्या कोंबांबरोबर घेतात. हाच नियम आपल्या ताटाला लावला, तर तळलेली मासोळी, लाखोळीच्या डाळीचे वडे आणि दिवाळीची खारी चकली तिच्याशी जुळतील. झणझणीत रस्सा जुळणार नाही, कारण मद्यार्काने तिखटाची आग वाढते. तिथे थोडी गोड वाइन बरी. अनारसे, करंजी तर नकोच. गोडाच्या घासावर कोरडी वाइन नुसती आंबट लागते.

हे सारे मी बहिणीला सांगितले. “दारू आहे, साखर नाही,” असे सरळ उत्तर दिले. तिने शांतपणे ऐकले, पानातल्या मासोळीवर फोड पिळली आणि म्हणाली, “आंबटच पाहिजे ना? मग लिंबू आहे घरात.”

त्या दिवशी बाटली उघडली नाही. शब्दाचा अर्थ कोशात सापडतो. पण तो कोणत्या काठावर उच्चारला जातो, तेही अभ्यासकाने पाहिले पाहिजे.