कोष्टकातून सुटलेला हप्ता

गाडीच्या विम्याचा हप्ता किती बसेल, हे एके काळी कागद-पेन्सिल घेऊन कुणालाही काढता येई. १ जुलै २००२ पासून लागू झालेल्या ‘इंडिया मोटर टॅरिफ’मध्ये सगळे दर छापलेलेच होते. मुंबई-पुण्यासह आठ शहरे ‘ए’ झोनमध्ये, उरलेला देश ‘बी’मध्ये. हजार सीसीच्या आतली, पाच वर्षांहून जुनी नसलेली गाडी पुण्याच्या नोंदणीची असेल तर तिच्या विमामूल्याच्या ३.१२७ टक्के, नाशिकची असेल तर ३.०३९. चार लाखांच्या गाडीमागे फरक ३५२ रुपयांचा! वर थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे केलेले नुकसान भरून देणाऱ्या विम्याचा, ठरलेला आकडा. कंपनी सरकारी असो वा नव्याने आलेली खासगी, दर तोच. एजंट निवडायचा तो क्लेमच्या वेळी फोन उचलतो का, एवढ्यावरच.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईतल्या असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. पुराचे नुकसान ‘फुल इन्शुरन्स’मध्ये धरलेले असते, पण पाणी शिरलेली गाडी सुरू करायला जावे आणि इंजिन बसावे, तर तो खर्च कंपन्या नाकारू शकत. शिवाय रबर-प्लॅस्टिकच्या भागांचे निम्मेच पैसे मिळत. छापील दर सर्वांना सारखा होता, तशा या पळवाटाही सारख्याच.

१ जानेवारी २००७ ला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे, म्हणजे ‘ओन डॅमेज’चे, दर खुले झाले. पुढच्या काही वर्षांत भागांचे पूर्ण पैसे देणारे झिरो डेप, पाण्याने बसलेल्या इंजिनाचा खर्च उचलणारे इंजिन प्रोटेक्ट अशी जोडकवचे आली. ती कामाचीच होती. पण कंपन्यांचे आकडे मोबाइलवर शेजारी शेजारी दिसू लागले आणि आपण फक्त तळाची बेरीज बघायला लागलो. बेरीज कमी करायचा सोपा मार्ग म्हणजे आयडीव्ही, म्हणजेच विमामूल्य, खाली आणणे. दोन-अडीच हजार वाचल्याचा आनंद होतो. गाडी चोरीला गेली की हातात येते ती तीच घटवलेली रक्कम. मला विचाराल तर दरांच्या मोकळिकीतला सर्वांत महाग पडलेला भाग हाच. त्यापेक्षा नो क्लेम बोनस सांभाळावा. सलग पाच वर्षे क्लेम नसेल तर ओन डॅमेजच्या हप्त्यात ५० टक्के सूट, आणि ती गाडीची नव्हे, मालकाची. जुनी विकून नवी घेतली तरी सोबत येते. किरकोळ पोचा लोक स्वतःच्या खर्चाने काढतात तो यासाठीच.

थर्ड पार्टी मात्र आजही बाजारावर सोडलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला ती एकदम तीन वर्षांची घ्यावी लागते, म्हणून शोरूममधले पहिले बिल फुगते. जून २०२२ पासूनचे वार्षिक दर हजार सीसीपर्यंत २,०९४, दीड हजारपर्यंत ३,४१६, त्यापुढे ७,८९७ रुपये; विजेवरच्या गाडीला १५ टक्के सवलत. त्याच वर्षी जुलैत विमा नियामकाने किती आणि कशी गाडी चालवता यावर ओन डॅमेजचा हप्ता ठरवायलाही मुभा दिली. आठवड्यातून एकदा मंडईपुरती गाडी काढणाऱ्याने नूतनीकरणाच्या वेळी याची चौकशी जरूर करावी.